म्हशीवरची एक वीत

जहाज म्हशीला घासलं, ही बातमी वावकाकांना न्हाव्याच्या खुर्चीत कळली. अर्धी दाढी झाली होती. न्हावी म्हणाला, "तुमची भाचीच होती म्हणे त्या जहाजावर." काका तसेच उठले. अर्ध्या गालाला साबण, गळ्यात न्हाव्याचा टॉवेल. न्हावी टॉवेलसाठी कोपऱ्यापर्यंत मागे धावला आणि मग त्याने नाद सोडला.

म्हैस म्हणजे बंदराच्या वाटेतला खडक. समुद्रातून धक्क्याकडे येणारी खोल वाट जिथे वळते, तिथे तो पाण्याखाली बसलेला आहे. वरून दिसत नाही. भाची बंदराची पायलट. बाहेरून आलेल्या कप्तानाला इथलं पाणी ठाऊक नसतं, म्हणून बंदराचा माणूस लाँचमधून सामोरा जातो, दोरीच्या शिडीने जहाजावर चढतो आणि ते आत आणून धक्क्याला लावतो. सहा वर्षांत तिने नऊशे चाळीस जहाजं आत आणली होती. एकालाही ओरखडा नव्हता.

ती आईच्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसली होती. अंगात अजून गणवेशाचा पांढरा शर्ट. काकांची ताई, म्हणजे तिची आई, दाराशी उभी होती.

"मामा, आधी तोंड पूस," भाची म्हणाली.

"तोंड गेलं खड्ड्यात. काय झालं ते सांग."

"तळ लागला. दोन टाक्यांना भेगा पडल्यात. माणसं ठीक आहेत. मला घरी बसवलंय. मंगळवारी चौकशी आहे. वळण जोरात घेतलं म्हणतात."

"घेतलंस?"

"नाही."

"मग?"

"मग काय ते मला कळलं असतं तर इथे बसले असते का? पाणी होतं, मामा! ऑफिसने म्हशीवर तेरा मीटर दहा दिलं होतं. जहाज बारा साठपर्यंत बुडत होतं. खाली अर्धा मीटर शिल्लक. नव्या नियमात बसतं तेवढं."

चालतं जहाज उभ्या जहाजापेक्षा दीडेक वीत खाली दबतं, म्हणून पूर्वी तळाखाली एक मीटर पाणी शिल्लक ठेवावं लागे. मोठी जहाजं दुसऱ्या बंदरांकडे जायला लागली, तेव्हा दोन महिन्यांपूर्वी कचेरीने एका परिपत्रकाने त्याचा अर्धा मीटर केला. एवढं खोल जहाज त्यानंतर पहिलंच.

काका खुर्चीत बसले. गालावरचा साबण सुकून कातडी ताणली जात होती.

"तुला कुणी काही सांगितलं नव्हतं?"

"काय सांगायचं होतं?"

 काकांनी कचेरीला शिव्या द्यायला सुरुवात केली. परिपत्रक काढणाऱ्याला, ते टाइप करणाऱ्याला, त्यावर शिक्का मारणाऱ्याला. ताईने थोडा वेळ ऐकून घेतलं.

"शिव्यांनी हिचा परवाना वाचणार असेल तर सांग," ती म्हणाली, "मीही पदर खोचून बसते."

वावकाका हे नाव गोदीने ठेवलेलं. दोन्ही हात आडवे पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत जे अंतर, ते एक वाव. काका एकोणिसाव्या वर्षी मापाच्या होडीवर लागले आणि पुढची चाळीस वर्षं त्यांनी बंदराचा तळ मोजला. होडीत चौघे. दोघे वल्हवणारे, एक लिहिणारा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आणि पुढे उभा राहून दोरी सोडणारे काका. दोरीच्या टोकाला शिशाचा लांबट गोळा. गोळ्याच्या बुडाला खळगा, त्यात चरबी भरलेली. गोळा तळाला टेकला की चरबीला तळ चिकटून वर येई. काका बोटाने चाचपून सांगत, गाळ, रेती, शिंपल्यांचा चुरा. कधीकधी नाकाला लावून सांगत. एकदा त्यांनी नुसत्या वासावरून सांगितलं होतं की इथे कुणाचं तरी तेल गळतंय. ते खरं निघालं, आणि त्या जहाजाच्या कप्तानाने महिनाभर काकांना पाण्यात पाहिलं.

बंदर दीडशे वर्षांचं. पहिला धक्का शिडाच्या जहाजांसाठी बांधला. तेव्हा पोती माणसांच्या पाठीवरून चढत. मग वाफेची जहाजं आली, वाफेच्या क्रेन आल्या, पाठी कमी झाल्या. मग लोखंडी कंटेनर आले आणि ज्या धक्क्यावर चार हजार माणसं राबत, तिथे आता चाळीस दिसतात, तीही पिवळ्या जाकिटांत, एकमेकांपासून लांब. जहाजं मोठी होत गेली. पाणी तेवढंच राहिलं. ड्रेजर दिवसरात्र गाळ उपसतो आणि समुद्र तो परत आणून टाकतो. बंदर चालवणं म्हणजे बरंचसं हेच भांडण.

आता तो दगड.

बंदरातली खोली पाण्याच्या पृष्ठभागावरून मोजत नाहीत. पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. त्याच्या भरवशावर काय मोजणार? म्हणून न हलणारी एक खूण लागते. इथे ती जुन्या धक्क्याच्या पायऱ्यांवर होती. एक काळा दगड, त्याला आडवी खाच. ती खाच म्हणजे शून्य. खाचेच्या खाली तळ किती आहे ते नकाशात लिहिलेलं. खाचेच्या वर पाणी किती चढलंय ते रोज वाचायचं. दोन्हींची बेरीज म्हणजे जहाजाला मिळणारं पाणी.

अठरा वर्षांपूर्वी त्या पायऱ्या दुरुस्त झाल्या. ठेकेदाराने दगड काढला, पायऱ्या बांधल्या आणि दगड परत बसवला. एक वीत खाली. काकांना ते पहिल्याच मोठ्या ओहोटीला दिसलं. ज्या ओहोटीला खाच कोरडी पडायची, त्या ओहोटीला ती बुडालेली होती.

गाळाची अडचण नव्हती. गाळ दर महिन्याला नव्याने मोजत, याच दगडावरून, त्यामुळे चूक आपोआप फिटत असे. पण म्हैस खडकाची. खडक वाढत नाही, वाहून जात नाही, म्हणून तिचं माप पुन्हा कुणी घेत नसे. ते पन्नास वर्षांपूर्वीचं, दगड जुन्या जागी असतानाचं. त्यात नव्या जागेवरून वाचलेलं पाणी मिळवलं की बेरीज एक वीत जास्त येई. सबंध बंदरात एकाच जागी. ऐन वळणावर.

काकांनी तेव्हाच्या साहेबांना सांगितलं. साहेब फाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "एका वितेने काय आभाळ कोसळतं?" दगड पुन्हा काढायचा म्हणजे ठेकेदाराशी वाद, वरच्यांना खुलासा. होडीचा तांडेल मिशीत हसला. "राहू दे. आपण सांभाळून घेऊ," तो म्हणाला.

आणि होडीवाल्यांनी खरंच सांभाळून घेतलं. कसं, ते मात्र ऐकण्यासारखं आहे. पायलटने हजारावं जहाज आत आणलं की ते त्याला होडीत बसवून म्हशीवर नेत. दोरी त्याच्या हातात देत. शिसं खडकावर टेकलं की तांडेल म्हणे, "आता आमच्यातला झालास. इथून पुढे म्हशीवर एक वीत कमी धर." मग टाळ्या, शिट्ट्या. तळाखाली मीटरभर पाणी असायचं, तेव्हा वीतभर इकडेतिकडे झाल्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. कचेरीतल्या पदवीवाल्यांना माहीत नाही आणि आपल्याला माहीत आहे, यातच मजा होती. काकांनाही होती. ते पुढे स्वतःच्या तोंडाने म्हणाले, मजा होती.

तीन वर्षांपूर्वी होडी बंद झाली. आवाजाने तळ मोजणारं यंत्र आलं. यंत्र गाळ मोजे. म्हशीचा आकडा नकाशात छापलेला होता, तो कुणी हलवला नाही. तांडेल वारला. काका घरी बसले. त्या संध्याकाळी भाची भेटायला आली होती.

"वाईट वाटून घेऊ नकोस मामा," ती म्हणाली होती, "पण यंत्र बरंच बरं मोजतं."

"मग यंत्रालाच विचारत जा."

ती हसली होती. तिला वाटलं, मामा नेहमीसारखा नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन बसलाय. तेव्हा तिची चारशे जहाजं झाली होती. हजाराला अवकाश होता.

ताईच्या घरून काका सरळ कचेरीत गेले. अर्ध्या दाढीनेच. बंदरप्रमुख वयाने त्यांच्या मुलाएवढा. त्याने उठून खुर्ची दिली.

"या काका. चहा सांगू?"

"चहा नको. दगड खाली बसलाय."

"कुठला दगड?"

काकांनी सांगितलं. बंदरप्रमुखाने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "कागद आहे?"

"तोंडी सांगितलं होतं साहेबांना."

"ते साहेब?"

"वारले."

"आणि तांडेल?"

"वारला."

"म्हणजे तुमचे साक्षीदार सगळे वर. त्यांना समन्स कोण नेणार?" तो स्वतःच्या विनोदावर थोडा हसला. मग त्याने कपाटातून जाडजूड पुस्तक काढलं. दीडशे वर्षांनिमित्त बंदराने स्वतःचा इतिहास छापून घेतला होता. चकचकीत कागद, नव्या शाईचा वास. त्याने पान उघडून काकांपुढे सरकवलं. होडीच्या पुढच्या टोकाला उभे काका, हातात दोरी. खाली ओळ होती. चाळीस वर्षं, एकही चूक नाही.

"पुढच्या महिन्यात समारंभ आहे. तुम्हाला व्यासपीठावर बसवायचंय," तो म्हणाला. "आणि तुम्ही चौकशीत जाऊन सांगणार की अठरा वर्षं मला चूक ठाऊक होती आणि मी ती कुठे लिहिली नाही? भाची सुटेल की नाही देव जाणे. तुम्ही मात्र नक्की अडकाल."

"अर्ध्या मीटरचं परिपत्रक कुणी काढलं?"

"आकडे बरोबर आहेत असं धरून काढलं, काका. आकडे तुम्ही लोकांनी दिलेले."

काकांनी पुस्तक मिटलं आणि टेबलावर आपटलं. बंदरप्रमुखाच्या कपातला चहा बशीत सांडला. ते जिना उतरले. त्या माणसाचा राग होताच. पण तो शेवटचं वाक्य बरोबर बोलला होता, त्याने अंगाचा जास्त तिळपापड झाला.

हजार पार केलेले दोन पायलट अजून नोकरीत होते. काकांनी दोघांना फोन केला. पहिला म्हणाला, "कसली वीत? मला काही आठवत नाही, काका." दुसऱ्याला आठवत होतं. तो म्हणाला, "माझी दोन वर्षं राहिलीत. माझं नाव घेऊ नका, पाया पडतो." काका म्हणाले, "पाया त्या पोरीच्या पड," आणि फोन ठेवला.

सोमवारपर्यंत त्यांनी भाचीला काही सांगितलं नाही. तीनदा ताईच्या दारापर्यंत गेले. एकदा घंटाही वाजवली. भाचीने दार उघडलं, तेव्हा म्हणाले, "जेवलीस का?" ती म्हणाली, "दुपारचे चार वाजलेत, मामा." ते परत फिरले. चाळीस वर्षं शिसं न चुकता तळाला टेकवणाऱ्या माणसाला एक वाक्य तोंडातून काढता येईना.

मंगळवारी सकाळी कचेरीच्या मोठ्या खोलीत चौकशी बसली. अध्यक्ष एक निवृत्त कप्तान, कोरड्या आवाजाचे. शेजारी इंजिनीअर. बाजूला बंदरप्रमुख. समोर एकटी भाची, पाठ ताठ. मागे हजेरी लावायला आलेले पायलट. ते दोघेही.

बंदरप्रमुखाने जहाजाच्या वेगाचा तक्ता वाचला. भाचीने वेगाची नोंद दाखवली, नियमाच्या आत होती. तो म्हणाला, लाटेचा अंदाज चुकला असेल. ती म्हणाली, लाट नव्हती. तो म्हणाला, मग तळ लागला कसा? पाणी तर पुरेसं होतं.  याचं कारण सापडलं नाही तर परवाना जाणार, हे सगळ्यांना कळत होतं.

काका मागच्या रांगेतून उठले.

"पाणी पुरेसं नव्हतं," ते म्हणाले. "वीतभर कमी होतं. मला अठरा वर्षं ठाऊक आहे."

अध्यक्षांनी त्यांना पुढे बोलावलं. काकांनी सगळं सांगितलं. दगड, साहेब, तांडेल, हजारावं जहाज, टाळ्या, शिट्ट्या. आवाज चढलेला होता. आपण ओरडतोय हे त्यांच्या लक्षात आलं नाही. कुणावर ओरडतोय, हेही त्यांना नीट सांगता आलं नसतं.

भाची वळून त्यांच्याकडे बघत होती.

"कुणाकुणाला माहीत होतं?" तिने विचारलं.

"प्रश्न आम्ही विचारू," अध्यक्ष म्हणाले.

"मामा, कुणाकुणाला?"

काकांनी मागे बसलेल्या दोघांकडे हात केला. एकाने खाली पाहिलं. दुसरा खिडकीबाहेर बघत होता. "आणि मला," काका म्हणाले. "तुझी नऊशे चाळीस झाली होती. हजाराला सांगायचं, अशी पद्धत."

"होडी तीन वर्षं बंद आहे," ती म्हणाली. "मला कोण नेणार होतं म्हशीवर?"



दीपगृहाच्या जोत्यावर एक जुनी कोरलेली खूण होती. दगडाची खाच तिच्यापेक्षा नेमकी किती खाली असायला हवी, हे बंदराच्या सर्वांत जुन्या नकाशावर लिहिलेलं. बुधवारच्या ओहोटीला इंजिनीअरने तिवई उभी केली आणि दुर्बिणीला डोळा लावला. पायऱ्यांवर शेवाळ होतं. काकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पट्टी दगडावर धरली आणि पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभे राहिले. इंजिनीअरने दोनदा वाचलं. मग म्हणाला, "बावीस सेंटिमीटर." काकांनी आपला पंजा ताणून पट्टीला लावला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, जेमतेम तेवढंच.

भाचीचा परवाना राहिला. चौकशीचा अहवाल दोन पानांचा आला. पायलटची चूक नाही. एका माजी कर्मचाऱ्याने महत्त्वाची माहिती दडवून ठेवली. परिपत्रकाबद्दल एक ओळही नव्हती. त्या दोन पायलटांबद्दलही नाही. बंदरप्रमुखाला महिन्याभरात बढती मिळाली. इतिहासाच्या पुस्तकातलं काकांचं पान चिकटपट्टी लावून बंद केलं म्हणतात. प्रती छापून झाल्या होत्या, पान फाडलं तर बांधणी सुटली असती.

अहवाल आल्यावर काका आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत. दाराची कडी वाजली की म्हणत, "माजी कर्मचारी घरी नाहीत." ताई दोनदा येऊन गेली. भाचीने फोन उचलला नाही.

आठव्या दिवशी, रविवारी सकाळी, ती आली. चपला न काढताच आत शिरली. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

"ओरड," काका म्हणाले. "हक्क आहे तुझा."

"ओरडायला वेळ नाही. म्हैस एकच आहे का?"

"म्हणजे?"

"अशा अजून किती गोष्टी आहेत, ज्या तुम्हा लोकांना माहीत आहेत आणि कागदावर नाहीत?"

काकांनी मधला तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"मामा, बोल. तुझ्या होडीतले तिघे गेले. तू एकटा उरलास. उद्या तुला काही झालं तर ते सगळं तुझ्याबरोबर जाळायचं का?"

"तोंडाला काही बंधन आहे की नाही?"

"नाही. किती?"

"मोजलं नाही."

"अख्खं बंदर मोजलंस आणि हे मोजलं नाहीस?"

काका उठून खिडकीशी गेले. त्यांचे कान लाल झाले होते. "तिसऱ्या बोयापाशी," ते तिच्याकडे पाठ करून म्हणाले, "ओहोटीच्या पहिल्या अर्ध्या तासात पाणी उलटं वाहतं. नकाशात सरळ दाखवलंय."

"कधीपासून?"

"नवा बंधारा झाल्यापासून."

"म्हणजे वीस वर्षं."

"बावीस."

तिने डोळे मिटून एक श्वास घेतला. पिशवीतून कागद काढले, पेन काढलं. "म्हणूनच मी तिथे दोन वेळा जहाज ओढणाऱ्या टगवाल्याला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "तो पोरगा दोन्ही वेळा सांगत होता, बाई, माझी चूक नाही. पुढे?"

"सगळं आजच हवंय का?"

"उद्या सकाळी सातला माझं जहाज आहे. पुढे."

"पूर्वेच्या धक्क्यावर सहावा खांब. मोठ्या जहाजाचा दोर त्याला बांधायचा नाही. खाली पोकळ आहे."

"आम्ही रोज बांधतो!"

"मला काय माहीत तुम्ही रोज बांधता ते? मला विचारलं कुणी?"

"तू सांगितलंस कुणाला?"

दोघांचेही आवाज चढले. शेजारच्याने भिंतीवर थाप मारली. काकांनी उलट दोन मारल्या. मग ते येऊन बसले आणि बोलायला लागले. वाळूचा उंचवटा जो वाऱ्याच्या दिशेप्रमाणे सरकतो. पावसाळ्यानंतर नदीतून येणारी ओंडक्यांची वाट. जुन्या बुडालेल्या बार्जचा सांगाडा, ज्यावर नकाशात फक्त एक प्रश्नचिन्ह आहे. सांगता सांगता मध्येच थांबून ते कुणाला तरी शिवी देत. ती म्हणे, "हे लिहायचं नाही ना?" आणि लिहीत राही. पेनावर इतका जोर होता की खालच्या कागदावरही अक्षरं उमटत होती.

दुपार झाली. बारा पानं भरली. काकांचा घसा बसला होता. ती एकदाही हसली नव्हती, आणि एकदाही त्यांच्याकडे नीट बघितलं नव्हतं.

"दमलो," ते म्हणाले.

तिने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला. नवं पान घेतलं, वर आकडा घातला, तेरा.

"पुढे," ती म्हणाली.